पऱ्हाटीचा कोळसा आणि सतरावा सोमवार

कोळशाचं काम एकदा घरात शिरलं की काळं कुठं कुठं लागतं ते सांगता येत नाही. हात धुवावेत, लुगडं बदलावं, आणि चार दिवसांनी कुणीतरी म्हणावं, "काकू, कानामागं काय लागलंय?" किस्स्यांचंही तसंच झालं आहे. मुद्दाम जमवले नाहीत. पण परवा भजनाला बसलो, शेजारच्या गंगाबाईने एक काढला, मी दुसरा काढला, आणि टाळ तसेच मांडीवर राहिले. म्हटलं, लिहूनच ठेवावेत. यातलं शास्त्र मला अजूनही अर्धंच कळलं आहे. जे कळलं नाही, ते जसं कळलं नाही तसंच लिहिते.

आधी विहिरीचं सांगायला हवं. आमचं गाव जवळा बाजारपासून थोडं आत. महादेवाच्या देवळाची पूजा आमच्या घराकडे. देवळामागं विहीर. पिंडीवर घालायचं पाणी तिचं, प्यायचं तिचं, पुरणाची डाळ शिजायची तीही तिच्याच पाण्यात. विहिरीला लागून पूर्वी ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या दुरुस्त करायचं दुकान होतं. मालक केव्हाच देवाघरी गेला, दुकान पडलं. पण मागच्या बाजूला वर्षानुवर्षं जे ओतलं गेलं, ते जमिनीतून विहिरीत उतरलं. तपासणीवाले आले, बाटलीत पाणी भरून नेलं, आणि काही दिवसांनी कठड्यावर लाल रंगाची फुली मारून गेले. पाण्यात शिसं. प्यायचं नाही.

त्याच्या आठच दिवस आधी मी मनाशी एक गोष्ट ठरवली होती.

मी नवी नवरी होऊन या घरात आले, तेव्हा बुद्धवाड्यातली धुरपतामाय घागर घेऊन विहिरीपासून लांब उभी राहायची. तिने कठड्याला हात लावायचा नाही, कुणीतरी वरून ओतायचं, अशी तेव्हाची रीत. एकदा सासूबाईंनी मला सांगितलं आणि मीही ओतलं. हात उंच धरून. पुढे त्यांच्या गल्लीत हापसा आला आणि ती यायची थांबली. नंतर तिला कुणी अडवलं नाही, पण कुणी बोलावलंही नाही. आता तिचं वय झालं आहे. तिची नात सुजाता वसमतच्या कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. मी ठरवलं होतं की धुरपतामायला विहिरीवर बोलवायचं आणि पाण्याचा पेला तिच्या हातात द्यायचा. माझ्या हाताने.

आणि फुली आली.

मी तिच्या घरी सांगायला गेले. ती सुपात ज्वारी निवडत होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आमची पाळी आली आन् पानीच इटाळलं म्हना की." वर तोंडभर हसली. मला हसता आलं नाही.

त्या रात्री देवापुढे मी सोळा सोमवारांचा संकल्प केला. सतराव्या सोमवारी उद्यापन. त्या दिवशी याच विहिरीचं पाणी पिंडीवर, आणि त्यानंतरचा पहिला पेला धुरपतामायच्या हातात. तिला जाऊन सांगितलंही.

"सोळा सोमवार म्हंजी चार म्हैने," ती बोटं मोजत म्हणाली. "तवर मी ऱ्हाईन का, ते बी तुमच्या महादेवालाच इचारा."

*

सुजाता पहिल्यांदा पाहायला आली तेव्हा मी तयारीत होते. पाणी स्वच्छ करण्यात माझं आयुष्य गेलं आहे.

"उकळून घेतलं तर?" मी विचारलं.

"उकळून शिसं जात नाही मावशी. पाणी आटतं, शिसं तेवढंच राहतं."

"तुरटी फिरवली तर?"

"गाळ बसेल. हे विरघळलेलं आहे, ते नाही बसणार."

"तांब्याच्या हंड्यात रात्रभर?"

"नाही."

"तुळस?"

"नाही हो मावशी."

मग देवघरात जाऊन गंगाजलाची कुपी आणली. तिने नुसतं माझ्याकडे पाहिलं. मी कुपी परत ठेवून आले.

"मग कशाने जाईल?"

"कोळशाने," ती म्हणाली. "शेतातल्या पऱ्हाट्या आहेत ना, कापूस वेचून झाल्यावर उरतात त्या? त्यांचा कोळसा करायचा आणि पाणी त्यातून सोडायचं. त्याला बायोचार म्हणतात. त्याला नुसती भोकंच भोकं असतात, शिसं त्याला जाऊन चिकटतं."

मी चाळीस वर्षं चुलीवरच्या भांड्यांचं काळं पाण्याने धुतलं. आता काळ्याने पाणी धुवायचं. मी "बरं" म्हणाले. दुसरं काय म्हणणार.

*

बायोचार करायचा म्हणजे पऱ्हाट्या हवेशिवाय जाळायच्या. इथेच माझं डोकं पहिल्यांदा फिरलं. हवेशिवाय जळतं कसं? सुजाताने दोन वेळा सांगितलं. लहान डब्यात पऱ्हाट्या ठासून भरायच्या, झाकण घट्ट लावायचं, वाफ जायला बारीक भोक ठेवायचं आणि डब्याभोवती बाहेरून जाळ करायचा. आतलं तापतं पण पेटत नाही. "थंड होईपर्यंत झाकण उघडायचं नाही," हे तिने तिसऱ्यांदाही सांगितलं आणि एसटीची वेळ झाली म्हणून गेली.

मी बसले राखण करत. आता, ज्या बाईने आयुष्यभर भाताचं झाकण उचलून शीत दाबून पाहिलं, तिने दोन तास नुसतं बसायचं म्हणजे केवढा नेम. मी एकदाच उचललं. सांडशीने, अगदी बोटभर.

भस्सकन जाळ वर आला. गंगाबाई ओरडत घरातून बाहेर आली. सकाळी डब्यात मूठभर पांढरी राख होती.

सुजाता आली, डब्यात पाहिलं, माझ्या अर्ध्या जळालेल्या भुवईकडे पाहिलं आणि वहीत लिहिलं: पहिला प्रयोग, राख.

"वाया नको घालवायला," मी म्हणाले. "भस्म म्हणून चालेल."

पुढच्या वेळी मी स्वतःवर विश्वास ठेवला नाही. कणीक मळली आणि झाकणाची फट चहूकडून लिंपून टाकली, म्हणजे उघडायचं म्हटलं तरी उघडता येऊ नये. सकाळी आत असा कोळसा निघाला की बोटाने टिचकी मारली तर काचेसारखा वाजला. सुजाता खूश. म्हणाली, हवा शिरायला जागाच राहिली नाही. कॉलेजात तिला कुणीतरी विचारलं म्हणे, सील करायला काय वापरलं. तिने सांगितलं, "मावशींची कणीक." ते सर लिहून घेत होते, ते थांबले आणि म्हणाले, "याचं मराठी नाव नको, केमिकल नाव सांगा."

*

आमचे हे शाळेत क्लार्क होते. रिटायर झाले तरी कागद सुटला नाही. प्रयोगाला परवानगी पाहिजे म्हणून यांनी अर्ज केला, तीन प्रतींत. फॉर्मवर रकाना होता, शुद्धीकरणाची पद्धत: क्लोरीन, आरओ, इतर. यांनी "इतर"वर खूण करून पुढे सुवाच्य अक्षरात लिहिलं, "पऱ्हाटी".

पंधरा दिवसांनी एक साहेब मोटारसायकलवर आले. बरोबर फॉर्म होता. विहिरीजवळ निळे ड्रम, खाली खडी, मग वाळू, मग कोळसा, आणि तळाला एक नळ. साहेबांनी ड्रमांना एक चक्कर मारली, देवळालाही मारली.

"मशीन कुठंय?"

"हेच," हे म्हणाले.

"लाईट कनेक्शन?"

"लागत न्हाई साहेब. विहिरीची मोटार हायेच, ती पाणी वर टाकते, पुढं आपोआप झिरपतं."

"ऑपरेटर कोन हाय?"

यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मी सोवळ्यात, ओल्या केसांनी, हातात बेलाची परडी. साहेबांनी फॉर्मवर बराच वेळ पेन धरून ठेवलं. मग विचारलं, "शिक्षण?"

"सातवी," मी म्हणाले.

"तसं न्हाई," यांनी सांभाळून घेतलं, "बारा सोमवार झालेत तिचे."

खरं तर तेव्हा सहाच झाले होते. यांनी दुप्पट सांगितले. आणि साहेबांनी तेच लिहून घेतलं असावं, कारण नंतर काही विचारलं नाही.

*

आता हा किस्सा सांगताना मला अजून लाज वाटते. सुजाता मात्र हा सगळ्यांना सांगते.

तिने दोन ड्रम लावले होते. एकात पऱ्हाटीचा कोळसा, दुसऱ्यात सोयाबीनच्या कुटाराचा, म्हणजे मळणीनंतर उरतो त्या भुशाचा. आधी दोन आठवडे पऱ्हाटीचा ड्रम चालला. मग म्हणाली, आता महिनाभर फक्त सोयाबीनचा नळ सोडायचा, रोज सकाळी एक बाटली भरायची आणि वर तारीख टाकायची. शनिवारी ती सगळ्या बाटल्या घेऊन जायची.

तिसऱ्या शनिवारी ती आली. ओट्यावर बसून वही उलटसुलट करत राहिली. "मावशी, सोमवारचं पाणी वेगळं येतंय."

"वेगळं म्हणजे?"

"मंगळवार ते रविवार एकसारखं. सोमवारचा आकडा दर वेळी दुसरीकडेच. तीन सोमवार. सोमवारी गावात काय असतं? हळद शिजवतात? मोटार कुणी दुसरं चालू करतं का?"

मी ओटा झाडायला लागले.

हे म्हणाले, "सोमवार महादेवाचा वार."

"काका, मी हे पेपरमधे कसं लिहू?"

बिचारीने बाटल्या बदलल्या. झाकणं बदलली. एका सोमवारी रजा टाकून स्वतः यायचं ठरवलं. तेव्हा मला सांगावंच लागलं.

त्याचं असं झालं होतं. भजनात विषय निघाला की उद्या हे पाणी प्यायला मिळालं तर उपवासाला चालेल का? पऱ्हाटी म्हणजे कापूस. देवापुढची वात कापसाचीच. त्यात काही खोट नाही. पण सोयाबीन? ते धान्य. धान्यातून झिरपलेलं पाणी सोमवारी कसं चालेल? गंगाबाई म्हणाली, "अजून पिऊन कुठं राहिलो?" मी म्हणाले, पीत नाही हे खरं, पण नेम सुरुवातीपासून धरावा. म्हणून मी दर सोमवारी सोयाबीनचा नळ बंद करून पऱ्हाटीचा सोडत होते. बाटलीही त्याचीच भरत होते. मंगळवारी पुन्हा सोयाबीन.

सुजाताने वही मिटली. मग म्हणाली, "मावशी, त्यात सोयाबीन उरलंच नाही. जळून नुसता कार्बन झाला."

"बरं," मी म्हणाले. "मग भात जाळून कोळसा केला, तर तो उपवासाला चालेल?"

तिने पेन खाली ठेवलं आणि म्हणाली, "मला माहीत नाही."

एवढी शिकलेली मुलगी मला माहीत नाही म्हणाली, तेव्हा मला तिच्याबद्दल फार माया वाटली. माझ्या डोक्यातलं थोडं तिच्याही डोक्यात गेलं, असं वाटलं.

*

पण खरा अपराध याच्या पुढचा.

तेरावा सोमवार जवळ आला होता. आकडे हळूहळू खाली येत होते, सुजाता खुशीत होती. पऱ्हाटीच्या ड्रममधला कोळसा काढून नवा भरायचा होता. तिने मला रबरी हातमोजे दिले आणि जुना कोळसा एका बादलीत काढायला लावला. "मावशी, आता हा साधा कोळसा नाही. पाण्यातलं सगळं शिसं याने स्वतःत घेतलंय. याचं पोट भरलंय. हा कुठंही टाकायचा नाही. पायदळी तर अजिबात नाही. मी पुढच्या शनिवारी येऊन त्याची व्यवस्था लावते."

आता मला सांगा. दुसऱ्याचं वाईट आपल्यात घेतलेलं. कुठंही टाकायचं नाही. पायदळी येऊ द्यायचं नाही. आमच्याकडे अशा वस्तूला एकच शब्द आहे, निर्माल्य. आणि निर्माल्याची व्यवस्था मला कुणी शिकवायला नको.

ओलं कशाला म्हणून आधी तो कोळसा देवळाच्या गच्चीवर फाटक्या लुगड्यावर दोन दिवस वाळवला. सोमवारी पूजा झाल्यावर बादलीला हळदकुंकू लावलं, वर झेंडूची फुलं ठेवली. सात-आठ जणी आलो, आरती म्हटली. आणि विसर्जन केलं.

विहिरीत.

गंगाबाई अजून म्हणते की तेव्हा तिला जरा शंका आली होती. पण आरती चालू होती म्हणून बोलली नाही.

सुजाता नेमकी त्याच दिवशी दुपारच्या एसटीने आली. कठड्यावर कुंकू, बाजूला रिकामी बादली. तिने आत वाकून पाहिलं.

"मावशी, हा कोळसा कुठला?"

मी सांगितलं. सांगता सांगताच माझ्या ध्यानात आलं. इतक्या आठवड्यांचं बाहेर काढलेलं मी पाच मिनिटांत परत आत घातलं होतं. वर फुलं वाहून.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती कठड्यावर बसली आणि म्हणाली, "काहून मावशी? मला एक फोन काहून न्हाई केला?" वसमतची मॅडम गळून पडली, आमच्या गावचं लेकरू बोललं.

मग तिनेच पुन्हा वाकून पाहिलं. "थांबा. तरंगतोय."

वाळवला होता ना. दोन दिवस उन्हात खडखडीत. पाण्यावर हलका होऊन फुलांबरोबर फिरत होता. मग काय धावपळ! घराघरांतून चाळण्या आल्या, काठ्यांना बांधल्या, मोजे फक्त दोन जोड होते ते पाळीपाळीने घातले. संध्याकाळपर्यंत कण न् कण उपसला. चाळण्या, लुगडं, फुलं, सगळं सुजाताने झाकणाच्या ड्रममधे बंद केलं आणि पुढे रीतसर पाठवलं. गंगाबाईची नवी पिठाची चाळणी त्यात गेली. ती अजून बोलते.

पण नमुने पहिल्यापासून घ्यायचे ठरले. लागोपाठ दोन रिपोर्ट चांगले आले तरच पाणी प्यायचं. सुजाता म्हणाली, सतराव्या सोमवारपर्यंत होईल असं वचन ती देऊ शकत नाही.

मी धुरपतामायकडे गेले. तिला खोकला झाला होता, खाटेवर पडून होती. मी सगळं सांगितलं, माझ्याच हाताने झालं हेही सांगितलं. ती कुशीवर वळून माझ्याकडे पाहायला लागली.

"म्हंजी पयल्यांदा तुमचंच पानी तुमी इटाळलं," ती म्हणाली. "आमी न्हवतो तिथं."

आणि इतकी हसली की खोकल्याची उबळ आली. मी तिची पाठ चोळत बसले.

*

पहिला रिपोर्ट पंधरावा सोमवार होऊन गेल्यावर आला. चांगला. दुसऱ्याची वाट पाहण्यात सोळावा गेला. उद्यापनाला पाच शेर कणकेचा चुरमा लागतो. गहू दळून आणले, गूळ आणला, तूप कढवलं. पण कणीक भिजवायची कुठल्या पाण्याने, हेच कळेना. नवस पुढे ढकलता येतो का, ते मी यांना विचारलं. यांनी म्हटलं, अर्ज करून पाहू.

रविवारी संध्याकाळी सुजाताचा फोन. "मावशी, आला. मर्यादेच्या आत." तिने पुढे बरंच सांगितलं. फक्त या नळाचं पाणी, विहिरीत बादली टाकायची नाही, कोळसा वेळेवर बदलायचा. मी एकच विचारलं, "पण हे विहिरीचंच ना?" ती म्हणाली, "विहिरीचंच."

सोमवारी पिंडीवर पाणी घातलं. त्याच पाण्याने कणीक भिजवली, चुरम्याचे रीतीप्रमाणे तीन भाग केले. आणि सुजाताचा हात धरून धुरपतामाय आली. देवळाकडे तिने पाहिलंही नाही. "मी तिकडं न्हाई येत. मी पान्यापाशी आले," म्हणाली आणि सरळ कठड्यावर जाऊन बसली. लाल फुलीच्या अगदी बाजूला.

मी स्टीलचा पेला घासून ठेवला होता. काय बोलायचं तेही चार महिने मनात घासून ठेवलं होतं. नळाखाली पेला भरला, तिच्यापुढे गेले, आणि एक शब्द आठवला नाही. नुसता पेला तिच्या हातात दिला.

तिने दोन्ही हातांनी धरला. आत डोकावली.

"काळं न्हाई की. कोळशातून आलं म्हनून राहिली व्हती ना पोरगी?"

"आजी, पी तू," सुजाता म्हणाली.

ती प्याली. घोट घोट करून, मधे थांबून, पेला संपेपर्यंत.

"कसं हाय, माय?" मी विचारलं.

तिने पेला उलटा करून शेवटचा थेंब झटकला. पदराने तोंड पुसलं.

"हापशावानीच हाय की," ती म्हणाली. "येवढ्यासाठी लांब उभं ठिवलं व्हतं व्हय मला?"

आणि पेला माझ्यापुढे धरला.

"भर अजून."